शुक्रवारचा मंगळवार

१९ फेब्रुवारी १६३० या दिवशी कोणता वार होता, असा प्रश्न आजच्या मोबाइल फोनमधील लहानशा डेटाबेसला विचारला, तर तो निमिषार्धात ‘मंगळवार’ असे उत्तर देतो. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्धीस आणलेल्या जेधे शकावलीत शिवजन्माची नोंद आहे. तिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, आणि वार शुक्रवार. शकावलीतली ही तिथी म्हणजेच १९ फेब्रुवारी १६३०, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. मग शुक्रवारचा मंगळवार कसा झाला? शकावली चुकली नाही, आणि यंत्राचे गणितही चुकले नाही. दोघांच्या मधोमध जी तारीख उभी आहे, तिच्यावर कोणत्या पंचांगाची मुद्रा आहे हे कोणी लिहून ठेवले नाही, एवढेच.

साहित्याच्या आणि इतिहासाच्या अभ्यासकांचा संगणकाशी संबंध आता केवळ टंकलेखनापुरता उरलेला नाही. हस्तलिखितांच्या सूची, बखरींतील नोंदी, संतचरित्रांचे कालपट, दिनविशेष सांगणारी अ‍ॅप्स, या सर्वांच्या तळाशी कुठेतरी तारखांचे एक कोष्टक असते. ते कोष्टक कसे भरले जाते हा तंत्रज्ञांचा प्रश्न आहे असे मानून आपण दूर राहतो. वस्तुतः तो कालगणनेचा, म्हणजे आपलाच प्रश्न आहे.

फोनमधील अ‍ॅप आपली माहिती बहुधा ज्या डेटाबेसात ठेवते त्याचे नाव एसक्यूलाइट. रिचर्ड हिप यांनी २००० साली तो तयार केला, आणि अँड्रॉइड असो की आयफोन, तो सर्वत्र अंतर्भूत असतो. त्याची एक गंमत अशी की त्यात ‘तारीख’ नावाचा वेगळा प्रकारच नाही. अंक आहेत, मजकूर आहे. तारीख मात्र यांपैकीच कशात तरी बसवावी लागते. तिच्यासाठी तीन वाटा मोकळ्या ठेवल्या आहेत. तारीख मजकूर म्हणून लिहावी. किंवा एका प्राचीन आरंभबिंदूपासून लोटलेल्या दिवसांची संख्या म्हणून लिहावी. किंवा १ जानेवारी १९७० च्या आरंभापासून लोटलेल्या सेकंदांची संख्या म्हणून. या तिन्ही वाटा आपल्याकडे फार पूर्वीपासून तुडवल्या गेल्या आहेत. तिसरीत फक्त सेकंदांऐवजी घटी-पळे होती.

प्रथम मजकुराची वाट पाहू. आपण तारीख दिवस-महिना-वर्ष या क्रमाने लिहितो. वाचणाऱ्याला त्यात काहीच अडचण नाही. पण मजकुराची तुलना यंत्र डावीकडून एकेक अक्षर पाहत करते, शब्दकोशात शब्द लावावेत तशी. शिवचरित्रातील तीन तारखा घ्या: १९-०२-१६३०, ०६-०६-१६७४, ०३-०४-१६८०. यंत्राने त्या चढत्या क्रमाने लावल्या की पहिली येते ०३-०४-१६८०, मग ०६-०६-१६७४, शेवटी १९-०२-१६३०. आधी निर्वाण, मग राज्याभिषेक आणि सर्वांत शेवटी जन्म! यावर उपाय म्हणून आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९८८ साली आयएसओ ८६०१ हे मानक प्रसृत केले. त्यात वर्ष आधी, मग महिना, मग दिवस. मोठे माप डावीकडे ठेवले की अक्षरांचा क्रम आणि काळाचा क्रम एक होतो.

ही अडचण रोमन अंकांबरोबर आली असे कोणी समजू नये. शिवकालीन आणि पेशवेकालीन कागदांवर जो शुहूर सन आढळतो, ज्याला अरबी सन किंवा मृगसालही म्हणत, तो अंकांत न लिहिता अरबी संख्याशब्दांत लिहिला जाई, आणि त्यात एकक आधी. ‘खमस सबैन अलफ’ म्हणजे पाच, सत्तर आणि हजार, अर्थात १०७५. त्यात ५९९ मिळवले की राज्याभिषेकाच्या सुमारास सुरू झालेले १६७४-७५ हे वर्ष मिळते. आता दप्तरातील कागद या शब्दांच्या वर्णानुक्रमाने लावून पाहा. ‘अर्बा सबैन’ आधी येईल, मग ‘इसन्ने सबैन’, मग ‘इहिदे सबैन’. म्हणजे १०७४, १०७२, १०७१. काळ उलटा चालू लागला. दप्तरदार हे कागद कधीही अकारविल्हे लावत नसत, हे आपले भाग्य.

मजकुराच्या वाटेवर मराठीचा म्हणून एक स्वतंत्र खड्डा आहे, तोही सांगितला पाहिजे. देवनागरी अंकांना युनिकोडमध्ये रोमन अंकांहून वेगळे आणि वरचे क्रमांक आहेत. एका नोंदीत वर्ष देवनागरीत आणि दुसरीत रोमन अंकांत असेल, तर देवनागरीतील ज्ञानेश्वरी ही रोमन अंकांतील कोणत्याही आधुनिक कादंबरीनंतर लिहिली गेली असे कोष्टक सांगेल. शिवाय एसक्यूलाइटच्या तारीखविषयक सोयींना देवनागरी अंक कळत नाहीत. दाखवताना देवनागरी, साठवताना रोमन, हा नियम भाषाभिमानाला थोडा बोचतो. पण तो पाळावा.

दुसरी वाट दिवसांच्या संख्येची, आणि खरी श्रीमंती तिथे आहे. जोसेफ स्कॅलिजर या विद्वानाने १५८३ साली, निरनिराळ्या राष्ट्रांच्या कालगणना एका सूत्रात ओवण्यासाठी, ७९८० वर्षांचे एक महाचक्र कल्पिले. अठ्ठावीस, एकोणीस आणि पंधरा वर्षांच्या तीन चक्रांचा तो गुणाकार. तिन्ही चक्रे एकत्र सुरू होतात ते वर्ष मागे मोजत गेल्यास इसवी सनापूर्वी ४७१३ येते. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला जॉन हर्शेलने या आरंभापासून दिवस मोजण्याची पद्धत ज्योतिर्विदांत रूढ केली. हा ‘ज्युलियन दिनांक’ मध्यान्हीपासून सुरू होतो, कारण रात्री वेध घेणाऱ्याला मध्यरात्री तारीख बदलणे सोयीचे नसते. एकोणिसाव्या शतकातील ज्योतिर्विदांची ही सोय आज किराणा-हिशेबाच्या अ‍ॅपमध्ये जशीच्या तशी बसली आहे. तिथे मध्यरात्र म्हणजे नेहमी अर्धा दिवस.

आपल्याकडे याच कल्पनेला अहर्गण म्हणतात. अहन् म्हणजे दिवस, त्यांचा गण. कलियुगाचा आरंभ ज्योतिषग्रंथांनी इसवी सनापूर्वी ३१०२, १८ फेब्रुवारी, शुक्रवार या दिवशी धरला आणि तिथपासून लोटलेले दिवस मोजले. शक, संवत्, अधिकमास, क्षयतिथी या सर्वांचा गुंता एका संख्येत विरघळून जातो. ग्रहाची मध्यम गती या संख्येने गुणली की झाले. अडचण एवढीच की ही संख्या फार मोठी होते. हातावर आणि पाटीवर गणित करणाऱ्याला लाखांच्या घरातले गुणाकार रोज करणे जिकिरीचे.

कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञाने शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली, ‘ग्रहलाघव’ रचले ते नेमके याच जिकिरीवर. ज्याचाप टाळून ग्रहगणित करून दाखवणारा ग्रंथ म्हणून त्याची ख्याती आहे. परंतु दिवस साठवण्याची त्याची युक्ती मला अधिक विलक्षण वाटते. त्याने कलियुगाचा आरंभ सोडून आपल्याच वर्षापासून मोजणी सुरू केली आणि अकरा-अकरा वर्षांची चक्रे पाडली. एका चक्राचे दिवस ४०१६. चक्र किती झाले ते वेगळे लिहायचे आणि उरलेला अहर्गण वेगळा. हा उरलेला अहर्गण लहानच राहतो. पुढील कित्येक शतके महाराष्ट्रातील पंचांगे या लहान संख्येवर चालली. १ जानेवारी १९७० हा जवळचा आरंभबिंदू निवडणाऱ्या आधुनिक अभियंत्यांनी वेगळे काही केले नाही. संख्या लहान राहावी, एवढाच हेतू. मात्र जवळचा आरंभ निवडला की त्याची किंमत मोजावी लागते. बत्तीस द्विमान अंकांत सेकंद मोजले तर मागे जाता येते ते १३ डिसेंबर १९०१ पर्यंत आणि पुढे १९ जानेवारी २०३८ पर्यंत. शिवकाळ त्या खोलीत मावतच नाही.

आता शिवजन्माचा दिवस या दोन्ही मोजण्यांत लिहून पाहू. फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ या दिवसाचा ज्युलियन दिनांक २३,१६,४६५. त्यातून कलियुगारंभाचा ५,८८,४६६ वजा केला की अहर्गण १७,२७,९९९. (आणखी एक मिळवला की १७,२८,००० होतात, आणि कृतयुगाची वर्षे परंपरेने तितकीच सांगितली आहेत. योगायोगांवर ग्रंथ रचणाऱ्यांच्या हाती हे लागू नये अशी प्रार्थना.) अहर्गणाला सातने भागावे. कलियुगाचा आरंभ शुक्रवारी, म्हणून बाकी शून्य आली तर शुक्रवार. १७,२७,९९९ ला सातने निःशेष भाग जातो. शकावलीतील शुक्रवार जुळला. वार हा तिथीच्या नोंदीतला निव्वळ अलंकार नव्हे. तिथी, महिना वा वर्ष यांत लेखकाची चूक झाली असेल तर ती पकडण्याचे ते साधन आहे. शिलालेख आणि ताम्रपट यांच्या तारखा तपासताना हेच करावे लागते. शंकर बाळकृष्ण दीक्षित आणि रॉबर्ट स्यूएल यांनी १८९६ साली इंग्रजीत प्रसिद्ध केलेली भारतीय पंचांगविषयक कोष्टके, पुढे स्वामीकन्नू पिळ्ळै यांचे प्रचंड खंड, ही सारी त्या कामाची हत्यारे.

मग मंगळवार आला कुठून? १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख जुन्या, ज्युलियन पंचांगातील आहे. पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ साली पंचांग सुधारले तेव्हा दहा दिवस गाळले गेले. कॅथलिक पोर्तुगालने सुधारणा लगेच स्वीकारली. प्रॉटेस्टंट इंग्लंडने ती १७५२ पर्यंत नाकारली. मराठ्यांच्या इतिहासाची इसवी तारखांतील मांडणी प्राधान्याने इंग्रजी साधनांच्या अनुषंगाने झाली, म्हणून १७५२ पूर्वीच्या तारखा आपल्या ग्रंथांत सहसा जुन्या पद्धतीच्या असतात. एसक्यूलाइट मात्र सर्व काळाला, अगदी स्कॅलिजरच्या आरंभापर्यंत, ग्रेगरीचेच पंचांग लावतो. त्याला १६३०-०२-१९ दिले की तो दहा दिवस आधीचा दिवस उचलतो, आणि तो दिवस खरोखरच मंगळवार होता. शिवजन्माची ग्रेगरियन तारीख १ मार्च १६३०.

दहा दिवसांनी काय बिघडते, असे कोणी म्हणेल. बिघडते ते तुलनेत. रायगडावर राज्याभिषेकाला उपस्थित असलेल्या हेन्री ऑक्झेंडेनच्या हिशेबाने तो दिवस ६ जून १६७४. त्याच दिवशी गोव्याच्या पोर्तुगीज दप्तरात १६ जून. आता समजा, गोव्यातून १० जूनला लिहिलेले एखादे पत्र आपल्या कोष्टकात आहे. कोष्टक ते राज्याभिषेकानंतर चार दिवसांनी दाखवील. प्रत्यक्षात ते सहा दिवस आधीचे. ज्या पत्रात एखादी बातमी ‘अद्याप कळली नाही’ असा अर्थ काढायचा असतो, तिथे सारे प्रमेय या दहा दिवसांवर उभे असते. त्यात इंग्रजांचे नववर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू होई. सुरतेची पहिली लूट जानेवारी १६६४ ची. तत्कालीन इंग्रजी हिशेबाने मात्र तो महिना १६६३ मध्येच मोडतो.

ही चूक बराच काळ लपून राहते, याचेही कारण आहे. जन्म आणि राज्याभिषेक या दोन्ही तारखा जुन्या पद्धतीच्या. दोन्हींना एकच चुकीचे पंचांग लावले तरी अंतर बरोबर येते, १६,१७८ दिवस; चूक चुकीला छेदते. परंतु बाजीराव पेशव्यांचा मृत्यू २८ एप्रिल १७४० (वैशाख शुद्ध त्रयोदशी, शके १६६२) ही जुनी तारीख आणि पानिपत १४ जानेवारी १७६१ ही नवी. एकाच पुस्तकाच्या एकाच कालपटात दोन्ही शेजारी छापलेल्या असतात. त्यांच्यामधील खरे दिवस ७,५५५. यंत्र ७,५६६ सांगते.

शकाचे सन करताना आपण ७८ मिळवतो, तिथेही असाच एक कोपरा आहे. शकवर्ष चैत्रात सुरू होते, त्यामुळे पौषाच्या मध्यापासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवावे लागतात. शके १५५१ चा फाल्गुन १६३० मध्ये पडतो, १६२९ मध्ये नव्हे. तुकोबांच्या निर्याणाची प्रचलित तिथी फाल्गुन वद्य द्वितीया, शके १५७१. वर्षाविषयी विद्वानांत मतभेद आहेत, ते वेगळ्या कारणांनी. पण शके १५७१ मान्य केल्यावरही १६४९ लिहिणारा लेखक मतभेद मांडत नसतो, तो केवळ ७८ मिळवत असतो. ९ मार्च १६५० ही तारीख येते ती ७९ मिळवून. आणि हीच तिथी उत्तरेकडील पौर्णिमान्त गणनेत फाल्गुनाची नव्हे, चैत्राच्या कृष्णपक्षाची ठरते. महिन्याचे नाव बदलते, दिवस तोच.

साहित्याच्या इतिहासात याहून अवघड गोष्ट म्हणजे अपुरी तारीख. ज्ञानेश्वरीच्या समाप्तीत शके १२१२ आहे. महिना नाही, तिथी नाही. कोष्टकाला पूर्ण तारीख हवी असते, म्हणून भरणारा निरागसपणे १ जानेवारी १२९० लिहितो. यात नसलेला नेमकेपणा आला, हा एक दोष. दुसरा अधिक गंभीर: १ जानेवारी १२९० हा दिवस शके १२१२ मध्ये येतच नाही. तेव्हा शके १२११ चालू होते. साठवलेली तारीख मूळ नोंदीला सरळ खोटे पाडते, आणि पडद्यावर ती इतकी सुबक दिसते की कोणाला शंका येत नाही. अशा ठिकाणी एक तारीख लिहूच नये. शके १२१२ चा पहिला दिवस आणि शेवटचा दिवस, अशा दोन संख्या लिहाव्यात. ग्रंथ या दोहोंच्या दरम्यान पूर्ण झाला, एवढेच आपले ज्ञान आहे. मग ‘अमुक ग्रंथ आधीचा की नंतरचा’ या प्रश्नाला ‘आधीचा’, ‘नंतरचा’ आणि ‘सांगता येत नाही’ अशी तीन उत्तरे मिळू लागतात. या तिसऱ्या उत्तराला जागा नसलेले कोष्टक वाङ्मयेतिहासाच्या कामाचे नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

दिवस सुरू कधी होतो, हाही प्रश्न उरतोच. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, हिजरी तारीख सूर्यास्ताला, इंग्रजी तारीख मध्यरात्री. लाल महालात शायिस्तेखानावर छापा पडला तो रात्री, चैत्र शुद्ध अष्टमीला. अष्टमीची रात्र दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयापर्यंत अष्टमीचीच. इंग्रजी तारखेत मात्र मध्यरात्र ओलांडली की ५ एप्रिल १६६३ ची ६ एप्रिल होते. आजच्या अ‍ॅपमध्ये याचेच धाकटे भावंड भेटते. भारतातील मध्यरात्र म्हणजे ग्रिनिचची आदल्या दिवशीची सायंकाळ, साडेसहा. केवळ तारीख साठवायची असताना वेळेसकट साठवली, की भारतात नोंदवलेला जन्मदिवस ग्रिनिचच्या हिशेबात एक दिवस मागे सरकतो. आपल्या पंचांगकर्त्यांनी उज्जयिनीची रेखा मुख्य मानून आपापल्या गावासाठी देशांतर-संस्कार सांगितला, तो याच सरकण्यावर. नोंद कोणत्या गावची हे ठाऊक नसेल तर तो संस्कार करता येत नाही, हे त्यांना पक्के माहीत होते.

तेव्हा अशा कोष्टकात प्रत्येक नोंदीला निदान तीन घरे हवीत. पहिल्या घरात मूळ कागदावरील तिथी जशीच्या तशी, शक, संवत्सर, वार, घटी-पळांसह. तिला हात लावायचा नाही. दुसऱ्यात दिवसाची संख्या, किंवा आरंभ आणि अंत अशा दोन संख्या. तुलना फक्त यांचीच. तिसऱ्यात ती संख्या कोणत्या पंचांगाने, कोणत्या जंत्रीवरून काढली ते. बहुतेक अ‍ॅप्स यांपैकी एकच घर ठेवतात, तेही रूपांतरित तारखेचे, आणि मूळ तिथी टाकून देतात. मग पुढे जंत्रीत चूक सापडली तरी मागे जायला वाट राहत नाही. शिवजयंती तिथीने की तारखेने, हा वाद मी इथे उकरून काढत नाही. १९ फेब्रुवारीला उत्सव करावा, तिथीने करावा. उत्सव ही रूढी आहे आणि रूढीला वजाबाकी लागू होत नाही. वजाबाकी करायची असेल तेव्हा मात्र २३,१६,४६५.

पेशवेकालीन पत्रांपुढे मात्र ही तीन घरेही अपुरी पडतात. पत्राच्या शेवटी ‘छ’ हे चंद्राचे चिन्ह, हिजरी महिन्याची तारीख, आणि पुष्कळदा वर्ष नाहीच. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला ते ठाऊक होते. हिजरी वर्ष सौर वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे ‘छ ७ रजब’ तेहतीस वर्षांत साऱ्या ऋतूंतून फिरून येतो. पत्रात पावसाचा, पेरणीचा, नदीच्या उताराचा उल्लेख असला तर तेहतिसांतील थोडीच वर्षे उरतात. वार दिला असेल तर त्यांतील बहुतेक गळतात. राजवाड्यांपासून संपादकांनी हे काम पत्रागणिक केले आणि निष्कर्ष आपला आहे, पत्राचा नाही, हे दिसावे म्हणून वर्ष कंसात घातले. कोष्टकात अशा पत्राला एक दिवस देता येत नाही. संभाव्य दिवसांची यादीच द्यावी लागते. तसे न करता वर्ष कळले नाही म्हणून त्या घरात शून्य भरले, तर सेकंद मोजणारे अ‍ॅप ते शून्य आपल्या पद्धतीने वाचते, आणि पुण्याहून सुटलेले ते पत्र १ जानेवारी १९७० रोजी, पहाटे साडेपाच वाजता लिहिलेले दिसते.